दुसरा गिअरबॉक्स इंजिनाला जोडताना: अडॅप्टर प्लेट कशी करावी

इंजिन एका गाडीचं आणि गिअरबॉक्स दुसरीचा असेल, तर दोघांची बोल्टची भोकं जुळत नाहीत. मध्ये एक जाड धातूची प्लेट घालून ती जुळवता येतात, आणि हा त्या कामातला सोपा भाग आहे. कस लागतो तो क्रँकशाफ्ट (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, थोडक्यात क्रँक) आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनाकडून फिरणं घेणारा दांडा) एकाच रेषेत आणताना. ही रेष चुकली तरी गाडी सुरू होते, चालतेही. पुढे पायलट बेअरिंग (क्रँकच्या मागच्या भोकात बसून इनपुट शाफ्टचं टोक पेलणारं) आवाज करू लागतं, गिअर निसटतो, क्लच प्लेटचा मधला हब तडकतो. म्हणून जास्तीत जास्त वेळ या एका गोष्टीला द्या.

प्लेट कापण्याआधी जोडी जमते का ते बघा. गिअरबॉक्सची टॉर्क (फिरवण्याचा जोर) पेलण्याची क्षमता इंजिनाच्या कमाल टॉर्कपेक्षा जास्त हवी. इंजिन कोणत्या दिशेने फिरतं तेही तपासा. होंडाची जुनी बी आणि डी मालिकेतली इंजिनं नेहमीच्या उलट फिरतात. असं इंजिन साध्या गिअरबॉक्सला लावलं तर पहिल्या गिअरमध्ये गाडी मागे जाईल. फ्लायव्हील (क्रँकच्या मागचं जड चाक) रिंग गिअरसकट (त्याच्या कडेच्या, स्टार्टर फिरवतो त्या दात्यांसकट) नव्या बेल हाउसिंगमध्ये (गिअरबॉक्सचं इंजिनाला टेकणारं घंटेच्या आकाराचं कवच) मावायला हवं. क्लच प्लेट व्यासाला इंजिनाच्या फ्लायव्हीलला साजेशी आणि स्प्लाइन (शाफ्टवरच्या लांबट खाचा) गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या, अशी शोधावी लागते.

प्लेटची जाडी हाताशी असलेल्या पत्र्यावरून ठरवू नका, ती मोजून काढा. समजा, शाफ्टचं टोक हाउसिंगच्या तोंडापासून २२ मिमी बाहेर येतं, आणि इंजिनाच्या मागच्या तोंडापासून क्रँकमधल्या पायलट भोकाचा तळ ८ मिमी आत आहे. २२ मधून ८ गेले, उरले १४. एवढ्या जाडीला टोक तळाला टेकेल. टोकापुढे ३ मिमी मोकळी जागा हवी, म्हणजे प्लेट १७ मिमी. एवढ्या जाडीला शाफ्टचं नाक (पुढचं बारीक टोक) पायलट बेअरिंगमध्ये नीट बसतं का आणि क्लच प्लेटचा हब पूर्णपणे स्प्लाइनवर राहतो का, हे पुन्हा मोजा. नाक आखूड पडत असेल तर लेथवर लांब बुश करून घ्यावा लागतो.

धातू ६०६१-टी६ (मिश्रधातूचा एक प्रकार) अॅल्युमिनियम किंवा माइल्ड स्टील. गॅसने कापलेलं स्टील वाकतं, त्यामुळे कापल्यावर दोन्ही तोंडं मशिनवर समांतर करून घ्या.

इंजिनाची भोकं प्लेटवर उतरवायला टोकदार स्क्रू वापरा: ते ब्लॉकच्या आट्यांत बसवायचे, वर प्लेट ठेवून हलकेच ठोकायचं, खुणा उमटतात. कागदी साचा फक्त अंदाजापुरता. भोकं पाडून झाली की प्लेट इंजिनाच्या मूळ डॉवेल पिनांवर (भोकात घट्ट बसणाऱ्या, जागा पक्की करणाऱ्या खिळ्यांवर) बसवा. जागेवर धरून ठेवण्याचं काम डॉवेलचं असतं. बोल्टच्या भोकात ढिलाई असते, त्यावर मध्य सोडता येत नाही.

आता मुख्य काम. रिकामं हाउसिंग प्लेटला बोल्टनी अर्धवट आवळून लावा. त्यासाठी गिअरबॉक्सच्या बाजूची भोकं आधी थोडी मोठी ठेवा. डायल गेजचा (काट्यावर मिलिमीटरचे अंश दाखवणाऱ्या मापकाचा) स्टँड फ्लायव्हीलवर पक्का करा, गेजचं टोक हाउसिंगच्या मधल्या बोअरला (गोल भोकाच्या आतल्या कडेला) टेकवा आणि क्रँक हाताने पूर्ण एक फेरी फिरवा. काटा जितका हलला त्याच्या निम्मं अंतर मध्य सरकलेला आहे. प्लास्टिकच्या हातोडीने हाउसिंग सरकवत राहा, फेरीभरात काटा ०.१२ मिमीपेक्षा जास्त हलता कामा नये. मग हाउसिंगच्या तोंडावर गेज लावून तेही तिरपं नाही ना ते पाहा. वाचन मनासारखं आलं की बोल्ट आवळा, पुन्हा मोजा (आवळताना हाउसिंग हमखास थोडं सरकतं), आणि त्याच स्थितीत हाउसिंग व प्लेटमधून दोन डॉवेलची भोकं पाडून रीमर (भोक अचूक मापाचं करणारं हत्यार) फिरवा. घाई करू नका, हे काम अर्धा दिवस खातं.

इंजिनाकडचे बोल्ट गिअरबॉक्सखाली येत असतील तर त्यांची डोकी प्लेटमध्ये बुडवा. अॅल्युमिनियममध्ये आटे पाडताना बोल्टच्या व्यासाच्या किमान दीडपट खोली द्या: १० मिमीच्या बोल्टला १५ मिमी.

प्लेटच्या जाडीएवढा गिअरबॉक्स मागे सरकतो. स्टार्टर हाउसिंगवर असेल तर तोही रिंग गिअरपासून तेवढाच लांब जातो. रिलीज बेअरिंगही (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) प्रेशर प्लेटपासून (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबणाऱ्या भागापासून) दूर पडतं. त्याचा कॉलर लांब करा. मागचं माउंटिंग आणि प्रोपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याची) लांबी नव्याने मोजा.

बसवण्याआधी क्रँकचा पुढे-मागे होणारा खेळ मोजून लिहून ठेवा. गिअरबॉक्स हाताने सरकवत तोंडाला तोंड लागेपर्यंत न्या. अडला तर बोल्ट आवळून ओढू नका. सगळं आवळल्यावर खेळ पुन्हा मोजा. तो कमी झाला असेल तर शाफ्ट क्रँकला आतून दाबतोय: गिअरबॉक्स उतरवा आणि जाडीचं गणित पहिल्यापासून करा.