उलट्या सुरू झाल्यावर घरात होणाऱ्या चुका, या टाळा

एप्रिल-मे आला की आपल्या सोलापुरात पारा ४२ च्या वर, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, मग पिंपात साठवलेलं तेच पाणी प्यायचं, वर गाड्यावरचा बर्फाचा गोळा, आणि घरात कुणाला तरी उलट्या ठरलेल्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उलटी झाली रे झाली की तांब्याभर पाणी पाजणं. पोट खवळलेलं असतं, त्यात एकदम पाणी गेलं की ते परत येणारच, मग आपणच म्हणतो काय टिकतच नाय ओ, सलाईन लावा. १० मिनिटं थांबा आणि मग दर २-३ मिनिटांनी एकेक चमचा ओआरएस द्या. लई कंटाळवाणं काम आहे, पण बऱ्याच पोरांचं यावरच भागतं.

ओआरएस पण नीट करा. १ लिटरचा पुडा असेल तर तो अख्खा १ लिटर पाण्यातच टाकायचा, ग्लासात अर्धा पुडा अंदाजे नको, जास्त खारट झालं तर लहान बाळाला धोका असतो. पुडा नसला तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. २४ तासांनी उरलेलं ओतून टाका. कोल्ड्रिंक, डब्यातला ज्यूस देऊ नका, जास्त साखरेनं जुलाब वाढतात. अंगावरचं दूध मात्र चालूच ठेवा. मेडिकलवाल्याला विचारून पोराला उलटीची गोळी परस्पर देऊ नका.

आणि नुसत्या उलट्या काय मोजत बसता, लघवी बघा! ८ तास झालीच नाय, डोळे खोल गेले, पोरगं सुस्त पडलं, तर दवाखाना. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट, हिरवं पित्त, पोटात असह्य दुखणं, मान ताठ, डोक्याला मार लागल्यानंतरची उलटी, ३ महिन्यांच्या आतलं बाळ, यात थांबायचंच नाय. उन्हातून आलेला माणूस अंग तापून बरळत असेल तर तो उष्माघात समजा, १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत सावलीत घेऊन अंगावर पाणी मारा, वारा घाला. छातीत दुखून घाम आणि उलटी आली तर ॲसिडिटी म्हणून सोडा पाजत बसू नका, तो हार्ट अटॅक असू शकतो.

रॉकेल किंवा फवारणीचं औषध पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, रॉकेल फुफ्फुसात जातं. बाटली सोबत घ्या आणि थेट हॉस्पिटल गाठा.