पावसाळ्यात बंद पडणारं चालणं: माझा अनुभव

जानेवारी ते मे तळजाई टेकडीवर रोज चालणं, जूनमध्ये पाऊस लागला की खाडा, तो थेट दिवाळीपर्यंत. पुण्यात दरवर्षी माझं हेच व्हायचं. रेनकोटात घामानेच भिजायला झालं, ट्रेडमिलचा कंटाळा आला, पावलं मोजणारं अ‍ॅपही काही दिवसच चाललं. फार चिडचिड व्हायची.

खरी अडचण बुटांची होती. संध्याकाळी भिजलेले बूट सकाळपर्यंत वाळत नाहीत, आणि ओल्या बुटांत पाय घालवत नाही.

आता घरी आल्याबरोबर नाड्या सैल करून बुटाची जीभ बाहेर ओढते. आतला सोल काढून वेगळा उभा ठेवते. वर्तमानपत्राचे बोळे पार चवड्यापर्यंत कोंबते; तासाभरात ते ओलेगच्च होतात, तेव्हा बदलते. मग रात्रभर पंख्याखाली. उन्हात किंवा गीझरजवळ नको, डिंक सुटतो. शिवाय दुसरा जोड हवाच, आलटूनपालटून वापरायला.

मुसळधार असेल तर टेकडी नाही, चिखलात पाय घसरतो. त्या दिवशी प्रत्येक जेवणानंतर इमारतीच्या पार्किंगमध्ये दहा मिनिटं झपाझप. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि असे तुकडेही त्यात धरले जातात. यंदा श्रावणातही खंड पडला नाही.