बँड बसवलाय, पण वजन हळू उतरतंय? या चुका टाळा

वजन उतरवण्यासाठी जठरावर गॅस्ट्रिक बँड बसवून पाच-सहा महिने झाले की बरेच जण एकाच हिशेबात अडकतात. ऑफिसमधल्या कुणाचं तरी स्लीव्हचं ऑपरेशन झालं, तिचं पंचवीस किलो उतरलं, माझं आठ-दहाच. मग माझ्याच ऑपरेशनमध्ये काही चुकलं का? नाशिकमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न माझ्यासमोर आला की मी आधी तुलना बाजूला ठेवायला सांगते. बँड आणि स्लीव्ह ही दोन अगदी वेगळी ऑपरेशन्स आहेत.

स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग कापून काढतात, आणि भुकेचं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः त्याच भागात तयार होतं. त्यामुळे भूकच कमी होते. बायपासमध्ये अन्नाचा रस्ताच बदलतात. बँडमध्ये काहीच कापत नाहीत. जठराच्या वरच्या टोकाला सिलिकॉनचा पट्टा बसवतात. त्याच्या आतल्या बाजूला सायकलच्या ट्यूबसारखी फुगणारी पोकळी असते आणि तिची नळी पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या पोर्टला जोडलेली असते. पोर्टमध्ये सुईने सलाईन भरलं की पट्टा आवळतो. वरच्या छोट्या कप्प्यात थोडं अन्न गेलं की तिथल्या नसांवर दाब येतो आणि मेंदूला पोट भरल्याचा निरोप जातो. बँडचं काम एवढंच.

म्हणून बँडवर आठवड्याला अर्धा ते एक किलो हा चांगला वेग आहे. उंचीच्या मानाने जेवढं वजन जास्त आहे, त्याच्या साधारण निम्मं वजन दोन-तीन वर्षांत उतरतं. म्हणजे वजन १०५ किलो असेल आणि ६० किलो असायला हवं असेल, तर जादा ४५ किलोंपैकी २० ते २२ किलो. हे आकडे ऑपरेशनच्या आधीच नीट समजावून सांगायला हवेत. ते राहून जातं, आणि पेशंट सहा महिन्यांतच स्वतःला नापास ठरवून मोकळा होतो.

सुरुवातीचे दोन-तीन महिने तर फारच फसवे. ऑपरेशननंतर पातळ आहारामुळे वजन झरझर उतरतं. मग सूज ओसरते, नेहमीचं जेवण सुरू होतं, कडकडून भूक लागते आणि काटा हलेनासा होतो. पहिल्यांदा सलाईन साधारण चार ते सहा आठवड्यांनी भरतात, आणि योग्य घट्टपणा सापडेपर्यंत ते काही वेळा भरावं लागतं. तोपर्यंत बँड अंगात असतो, पण कामाला लागलेला नसतो. या काळात वजन वाढलं नाही तरी पुष्कळ झालं.

सगळ्यात मोठी चूक: वजन थांबलं की बँड आणखी टाइट करून घेणं

या चुकीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान हिच्यामुळेच होतं. वजन उतरत नाही म्हणजे बँड सैल आहे, हा समज इतका पक्का असतो की डॉक्टरांकडे गेल्यावर पेशंटचं पहिलं वाक्यच असतं, ‘थोडा अजून टाइट करा ना.’ पुष्कळदा नेमकं उलट झालेलं असतं. बँड आधीच जास्त टाइट असतो, म्हणून वजन थांबलेलं असतं.

हे कसं होतं, ते सातपूरच्या एका ताईंच्या वहीतून सांगते. सकाळी भाकरी-चपाती घशाखाली उतरत नाही, म्हणून चहात बुडवून बिस्किटं. बऱ्याच जणांना बँड सकाळी जास्त घट्ट वाटतो, त्यामुळे हे अगदी नेहमीचं. दुपारी भाजी-पोळीचा दुसरा घास अडकतो, म्हणून मऊ भात कालवून. चार वाजता अशक्तपणा वाटतो, तेव्हा वाटीभर द्राक्षं. सहाला चहाबरोबर चिवडा, कारण चिवडा कुरकुरीत असल्याने चावून बारीक होतो आणि सहज सरकतो. रात्री उलटीची भीती, म्हणून साखर घातलेलं दूध आणि वर एक कप आइस्क्रीम. प्रत्येक वेळी खाणं थोडंसंच. ताई कळकळीने सांगत होत्या की मी काहीच खात नाही, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना जेवण खरंच जात नव्हतं. जात होतं ते फक्त साखर, मैदा आणि तेल.

बँड फक्त घट्ट, चावून खायचं अन्न अडवतो. आइस्क्रीम, लस्सी, चॉकलेट, बासुंदी यांना तो अडवत नाही. म्हणून बँड जेवढा जास्त आवळाल, तेवढं ताट पातळ आणि गोड पदार्थांकडे झुकतं. अशा वेळी आणखी सलाईन भरणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ताईंच्या सर्जननी सलाईन भरलं नाही, उलट थोडं काढलं. घशाखाली पुन्हा मटकीची उसळ, अंडं, मऊ पोळी जायला लागली, संध्याकाळची खा-खा गेली आणि वजन परत उतरायला लागलं.

बँड नीट बसलाय हे ओळखायचं कसं? छोट्या वाटीभर जेवणाने समाधान होतं, आणि पुढचे तीन-चार तास भूक आठवत नाही. दोन तासांत कडकडून भूक लागत असेल आणि ताटभर जेवण जात असेल, तर बँड सैल आहे, सर्जनशी बोला. रात्री आडवं झाल्यावर खोकला येणं, तोंडात आंबट पाणी येणं, घास वारंवार अडकणं, आठवड्यातून अनेकदा उलटी होणं ही तो जास्त टाइट असल्याची लक्षणं आहेत. ‘बँड आहे म्हणजे उलट्या व्हायच्याच’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. सततच्या उलट्यांनी वरचा कप्पा ताणतो, बँड जागेवरून सरकू शकतो, अन्ननलिका फुगू शकते. शिवाय शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, कमी पडून मेंदूवर आणि नसांवर परिणाम होऊ शकतो.

घाईने जेवणं आणि घास पाण्याने ढकलणं

नाशिककराला मिसळ सोडा म्हणणं मला पटत नाही, आणि तशी गरजही नाही. मिसळीत बँडला त्रास देतो तो पाव. मऊ पाव लाळेत भिजला की त्याचा चिकट गोळा होतो आणि तो बरोबर बँडच्या तोंडाशी अडकतो. मोकळा नसलेला भात, साबुदाण्याची खिचडी, कोरडं चिकन यांचंही तसंच. मिसळीची मटकी मात्र कामाची: उसळ जास्त, फरसाण चिमूटभर, वरून दही, पाव नाही. तर्री ओतून ओतून खायचं नाही, कारण पातळ रस्सा अन्नाला धुऊन खाली नेतो आणि कप्पा लगेच रिकामा होतो.

पाण्याबद्दलही बहुतेक सर्जन हेच सांगतात की जेवताना पिऊ नका आणि जेवणानंतर अर्धा तास थांबा. मधल्या वेळात मात्र घोट घोट करत दिवसभराचं पाणी पूर्ण करा, नाहीतर बद्धकोष्ठता आणि चक्कर ठरलेली. चहाच्या चमच्याने खा, घास हरभऱ्याच्या दाण्याएवढा घ्या, तोंडात त्याची पेस्ट होईपर्यंत चावा, आणि वीस-पंचवीस मिनिटांत ताट बाजूला सारा. तासभर रेंगाळत जेवलं की कप्पा रिकामा होत राहतो आणि एकाच बैठकीत दोन जेवणं होतात.

घास अडकला तर छातीत दाटतं, तोंडाला फेसाळ लाळ सुटते. तेव्हा वरून पाणी, सोडा, कोल्ड्रिंक ओतू नका. खाणं थांबवा, उभं राहा, थोडं चाला. बहुतेक वेळा तो आपोआप सरकतो. काही तासांनीही पाणी किंवा थुंकीसुद्धा खाली जात नसेल, तर सकाळची वाट न बघता सर्जनना फोन करा.

ताटात प्रथिनं शेवटी येणं

जागा थोडी असते, आणि तिथे आधी पोळी-भात गेला तर डाळ-उसळीला जागाच उरत नाही. बँडवाल्यांना दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनं लागतात, काहींना जास्त. ती कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झडतात, शरीराची रोजची ऊर्जेची गरज घटते आणि वजन आणखी हळू उतरतं. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, साध्या दह्याच्या वाटीत चार-पाच. पाणी निथळून काढलेला, साखर न घातलेला चक्का हा शाकाहारी घरातला फार चांगला पदार्थ आहे आणि तो अडकतही नाही. मासे खाणाऱ्यांना चिकनपेक्षा मासा सोपा जातो. पहिले चार-पाच चमचे प्रथिनांचे, मग भाजी, मग जागा राहिली तर चतकोर पोळी.

‘एवढ्याशाने काय होतंय’

जानेवारी ते मार्च आपल्याकडे द्राक्षांचा हंगाम. निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडून घरोघरी पेट्या येतात, आणि फळच आहे म्हणून टीव्हीसमोर अर्धा किलो सहज संपतात. १०० ग्रॅम द्राक्षांत साधारण ७० कॅलरी आणि १६ ग्रॅमच्या आसपास साखर असते. अर्धा किलो म्हणजे साडेतीनशे कॅलरी, आणि बँडला त्याची खबरही लागत नाही. दहा-बारा द्राक्षं मोजून, नीट चावून खा. त्यांची सालं न चावता गिळली तर अडकतात. बेदाणे म्हणजे तीच साखर आटवलेली. तळलेल्या चिवड्यात १०० ग्रॅममागे पाचशेच्या आसपास कॅलरी असतात. उसाचा रस, ज्यूस, लस्सी, वाइन यांचंही तेच.

श्रावणात उपवास वाढतात. साबुदाणा, बटाटा आणि दाण्याचं कूट हे बँडसाठी वाईट त्रिकूट आहे. उपवास करायचाच असेल तर दही, ताक, पनीर, राजगिरा आणि थोडे नीट चावलेले शेंगदाणे यांवर करा.

मी आठवडाभर वही लिहायला सांगते, आणि त्यात जेवणापेक्षा दोन जेवणांमधलं जास्त लिहायला सांगते. खरी गळती तिथेच सापडते. ताण, एकटेपणा, नवऱ्याशी झालेला वाद यामुळे खाल्लं असेल तर तेही लिहा. मनाच्या भुकेवर बँडचा काही उपाय नाही. त्यासाठी समुपदेशकाकडे जाण्यात कसलीही लाज नाही.

फॉलो-अप सोडून देणं

ऑपरेशन मुंबईला झालं, प्रत्येक वेळी कसारा घाट उतरून जायचं म्हणजे रजा आणि खर्च, म्हणून हळूहळू जाणं थांबतं. हे मला समजतं. पण ज्या बँडचा पाठपुरावा बंद झाला, तो निम्मा बँड. पोर्टसाठी वेगळी सुई लागते, साध्या सुईने पोर्ट खराब होऊ शकतो, त्यामुळे गल्लीतल्या दवाखान्यात हे काम करून घेऊ नका. आता सर्जन बहुतेक स्लीव्ह आणि बायपासच करतात. म्हणून बँडचं काम नियमित करणारे जवळचे कोण, हे आपल्या सर्जननाच विचारून ठेवा. बँडची कंपनी, मॉडेल, त्यात किती मिली सलाईन आहे आणि शेवटचं कधी भरलं, एवढं लिहिलेलं कार्ड जवळ असू द्या.

अचानक भरपूर जेवण जायला लागलं तर इच्छाशक्तीला दोष देण्याआधी बँड तपासून घ्या. नळीतून किंवा पोर्टमधून सलाईन गळू शकतं. बँड जठराच्या भिंतीत रुतत असेल तरी आवळलेपणा जातो, आणि पोर्टच्या जागी लाली किंवा पू येऊ शकतो. सर्जन सलाईन मोजतात, बेरियम पाजून एक्स-रे किंवा एंडोस्कोपी करतात, आणि उत्तर मिळतं. पोटात अचानक तीव्र दुखून उलट्या सुरू झाल्या तर ती इमर्जन्सी समजा. अंगदुखीच्या गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या, विचारल्याशिवाय घेऊ नका. गरोदर राहिलात तर लगेच कळवा. बँड सैल करावा लागू शकतो.

फॉलो-अपला रक्ततपासणीही येते. थायरॉइड, पीसीओएस, स्टिरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारांवरची काही औषधं यांनी वजन अडतं. औषध मात्र स्वतःहून बंद करू नका. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या वजन उतरल्यावरही चालू ठेवायच्या असतात.

रोज काट्यावर उभं राहणं

मीठ, पाळी, बद्धकोष्ठता यांनी वजन दिवसागणिक किलोभर इकडे-तिकडे होतं. आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच कपड्यांत बघा आणि महिन्यातून एकदा कंबर मोजा. कृषीनगर ट्रॅकवर किंवा गोल्फ क्लब मैदानावर चालायला जात असाल तर उत्तमच, पण आठवड्यातून दोनदा वजनं किंवा रबर बँड घेऊन स्नायूंचा व्यायामही हवा. नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत.

हे सगळं पाळून, बँड योग्य घट्ट असताना, वर्ष-दीड वर्षात काहीच उतरलं नाही, तर पुढचे मार्ग आहेत. टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड ही इंजेक्शनं २०२५ पासून भारतात मिळतात. ती जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतात, त्यामुळे बँड असताना मळमळ-उलट्या वाढू शकतात. सर्जनना न विचारता सुरू करू नका. दुसरा मार्ग बँड काढून स्लीव्ह किंवा बायपास करण्याचा. काही वेळा दोन्ही एकाच ऑपरेशनमध्ये होतं, पण बँड रुतला किंवा सरकला असेल तर आधी तो काढतात, जठर बरं व्हायला काही महिने देतात आणि मग दुसरं ऑपरेशन करतात. त्या मधल्या महिन्यांत भूक जोरात परतते आणि वजन वाढू शकतं, म्हणून या काळाचा आहार बँड काढायच्या आधीच ठरवून घ्या.