लॉगिनचा कारभार एकाच्याच हातात

पहाटे पावणेसहाला गावच्या दूध संकलन केंद्रावरून सचिवांचा फोन. "मॅडम, ॲप परत नंबर मागाय लागलंय. बाहेर किटल्या घेऊन माणसं उभी हायती." ओटीपी टाकला, चाललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दिवसभरात कधी नाही, फक्त पहाटे.

ॲप फ्लटरमधलं (गूगलचं ॲप बनवायचं साधन, भाषा डार्ट). लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकी घन भाग) टाकलं की दर लागतो आणि पावती निघते. लॉगिनचा कोड माझाच. पहिल्या स्क्रीनवर लिहिला आणि पुढच्या प्रत्येक स्क्रीनवर चिकटवत गेले: स्क्रीन उघडली की शेअर्ड प्रेफरन्सेसमधून (फोनवरची ॲपची छोटी नोंदवही) टोकन, म्हणजे लॉगिननंतर सर्व्हरने दिलेलं ओळखपत्र, वाच, नसेल तर लॉगिनवर पाठव. प्रोजेक्टमध्ये टोकनची की (ते ज्या नावाने ठेवलंय ते) शोधली तर अकरा फाइली निघाल्या. तुम्हीही सुरुवात इथूनच करा. आधी मोजा, मग दुरुस्तीला हात घाला.

पहाटेचं कोडं असं होतं. प्रत्येक रिक्वेस्टसोबत जाणारं आमचं ॲक्सेस टोकन पंधरा मिनिटांत संपतं. रात्रभर फोन पडून असतो, म्हणजे पहाटे ते संपलेलंच. होम स्क्रीन उघडली की तीन रिक्वेस्ट एकदम सुटतात: दरपत्रक, उत्पादकांची यादी, पशुखाद्याची बाकी. तिघींना ४०१ (टोकन चालत नाही असा नकार) मिळतो आणि तिघी आपापलं रिफ्रेश करायला, म्हणजे रिफ्रेश टोकन देऊन नवं ॲक्सेस टोकन आणायला धावतात. आमचा सर्व्हर प्रत्येक रिफ्रेशला रिफ्रेश टोकनही बदलून देतो. पहिलीला नवं मिळालं, दुसरी जुनंच घेऊन पोचली. वापरलेलं टोकन पुन्हा आलं म्हणजे ते चोरीला गेलंय असं धरून सर्व्हरने सगळंच रद्द केलं. त्याचं बरोबरच होतं.

आता दुरुस्ती. एक क्लास करा, मी त्याला ऑथरिपॉझिटरी म्हणते. टोकन वाचणं, लिहिणं, बदलणं, पुसणं हे फक्त त्याने करायचं. बाहेरून पाचच गोष्टी दिसतात: ओटीपी मागव, ओटीपी तपास, चालू टोकन दे, रिफ्रेश कर, बाहेर पड. शिवाय एक स्थिती, जी बाकी सगळ्यांनी नुसती ऐकायची. या क्लासात बिल्डकॉन्टेक्स्ट (स्क्रीनवरच्या जागेचा संदर्भ) शिरू देऊ नका. स्क्रीन बदलणारा नॅव्हिगेटर तर नाहीच नाही. स्क्रीन बदलणं हे त्याचं काम नव्हे.

स्थिती दोन नाहीत, तीन. लॉगिन आहे, लॉगिन नाही, आणि अजून ठाऊक नाही. ही तिसरी बहुतेक जण विसरतात. स्टोरेजमधून टोकन वाचायला क्षणभर लागतो. तेवढ्यात तुम्ही "नाही" धरून चाललात तर लॉगिन स्क्रीन लुकलुकते आणि सचिव लगेच नंबर टाकायला लागतात. डार्ट ३ पासून सील्ड क्लास, म्हणजे ठरलेल्याच प्रकारांची बंदिस्त यादी, आहेत. त्यात या तीन स्थिती मांडल्या की स्विचमध्ये एखादी विसरली तर कंपायलरच अडवतो.

टोकन ठेवायला शेअर्ड प्रेफरन्सेस नको, ती साधी उघडी फाइल असते. फ्लटर सिक्युअर स्टोरेज घ्या. ते अँड्रॉइडवर कीस्टोअरचा आणि आयफोनवर कीचेनचा, म्हणजे फोनच्याच तिजोरीचा, आधार घेतं. त्यात दोन खाचखळगे आहेत. आयफोनवर ॲप काढून टाकलं तरी कीचेनमधलं टोकन राहतं, म्हणून पहिल्यांदा ॲप उघडताना एक खूण शेअर्ड प्रेफरन्सेसमध्ये ठेवा. खूण नसेल तर कीचेन पुसा. अँड्रॉइडवर ऑटो बॅकअपमधून जुनी फाइल नव्या फोनवर येते, पण ती उघडणारी किल्ली येत नाही, आणि वाचताना एक्सेप्शन फुटतं. ती फाइल बॅकअपमधून वगळा. तरीही वाचता आलं नाही तर सरळ "लॉगिन नाही" समजा, ॲप बंद पाडू नका.

कुठल्या स्क्रीनवर जायचं हे राउटर ठरवतो. गो-राउटर पॅकेज असेल तर त्याच्या रिडायरेक्टमध्ये एकाच जागी: ठाऊक नसेल तर स्प्लॅश (सुरुवातीची थांबायची स्क्रीन), लॉगिन नसेल तर लॉगिन, असेल आणि माणूस लॉगिनवर उभा असेल तर होम, बाकी नल, म्हणजे आहे तिथेच. रिफ्रेशलिसनेबलला ऑथरिपॉझिटरीची स्थिती जोडा, म्हणजे ती बदलली की राउटर स्वतःहून पुन्हा विचारतो. नोटिफिकेशनवरून कुणी थेट बिलाच्या पानावर येत असेल तर तो पत्ता क्वेरीत सोबत न्या, नाहीतर लॉगिननंतर बिचारा होमवर येऊन बिल शोधत बसतो. हे झालं आणि अकरा स्क्रीनमधला तपासणीचा कोड मी एका बैठकीत काढून टाकला.

आता मुख्य दुखणं, रिफ्रेश. ऑथरिपॉझिटरीत एक फील्ड ठेवा: चालू असलेल्या रिफ्रेशचं फ्यूचर (पुढे येणाऱ्या उत्तराचं वचन). कुणी रिफ्रेश मागितलं आणि फील्डमध्ये फ्यूचर असेल तर तेच परत द्या. नसेल तर नवं सुरू करून त्यात ठेवा आणि संपलं की, यश येवो वा अपयश, फील्ड रिकामं करा. एका आयसोलेटमध्ये (डार्टची कोड चालवायची स्वतंत्र जागा) डार्टचा कोड एकाच धाग्यावर चालतो, त्यामुळे वेगळ्या कुलपाची (लॉकची) गरज नाही. फक्त "आहे का" बघणं आणि "ठेवणं" यांच्या मध्ये अवेट (उत्तराची वाट बघत थांबणं) येऊ देऊ नका. माझ्या पहिल्या प्रयत्नात तिथेच स्टोरेज वाचायचा अवेट होता आणि तिघी पुन्हा एकदम आत शिरल्या.

रिक्वेस्ट पाठवणाऱ्या डायो पॅकेजच्या इंटरसेप्टरमध्ये (येणारी-जाणारी प्रत्येक रिक्वेस्ट मध्येच बघणारा कोड) ४०१ आला की आधी बघा, या रिक्वेस्टसोबत गेलेलं टोकन आणि आत्ताचं टोकन एकच आहे का. वेगळं असेल तर दुसऱ्या कुणी आधीच बदललंय, नवं लावून रिक्वेस्ट पुन्हा पाठवा. एकच असेल तर रिफ्रेश मागा. पुन्हा पाठवणं एकदाच. रिफ्रेशची रिक्वेस्ट मात्र वेगळ्या डायोने करा, ज्याला हा इंटरसेप्टर नाही. नाहीतर रिफ्रेशलाच ४०१ मिळाला की ते स्वतःचीच वाट बघत बसतं.

आणि रेंज गेली म्हणून माणसाला लॉगआउट करू नका. संकलन केंद्र ओढ्याकाठी, पत्र्याच्या खोलीत. टाइमआउट, ५०० चे (सर्व्हरच्या बिघाडाचे) एरर, यात आहे तसं राहू द्या. सर्व्हरने स्पष्ट नकार दिला तरच टोकन पुसा. एक फट तरी उरते: रिफ्रेश सर्व्हरवर झालं, पण उत्तर वाटेत हरवलं. त्यासाठी आम्ही सर्व्हरवर जुन्या टोकनला तीस सेकंदांची सवलत दिली. ॲपच्या बाजूने यावर इलाज नाही.

लॉगआउटमध्ये मी एका गोष्टीवर अडून बसले. केंद्रावर फोन एकच, सकाळी सचिव आणि संध्याकाळी मदतनीस. बाहेर पडताना मेमरीतली यादी आणि पुश नोटिफिकेशनचं टोकन काढायचं, पण सर्व्हरला न गेलेल्या नोंदी पुसायच्या नाहीत. त्या कुणाच्या, ते लिहून तशाच ठेवायच्या आणि तो माणूस परत आला की पाठवायच्या. त्या नोंदी म्हणजे कुणाच्या तरी दुधाचे पैसे.

तपासायला चाचणीच्या सर्व्हरवर ॲक्सेस टोकनचं आयुष्य एक मिनिट करा. ॲप बंद करून दोन मिनिटांनी उघडा आणि लॉग बघा. तीन ४०१, एक रिफ्रेश, मग तीन २०० (यशस्वी उत्तरं). दुसरा रिफ्रेश दिसला तर कुणीतरी अजून मागच्या दाराने टोकन वाचतंय. आमच्याकडे ती पावती छापणारी स्क्रीन निघाली, बारावी फाइल. तिथे कीचं स्पेलिंगच वेगळं होतं, म्हणून शोधात सापडली नव्हती.