सभागृहाच्या भिंतीला खिळा मारत नाहीत

पुण्यात प्रदर्शनं मांडण्याच्या धंद्यात मला आता चौदा वर्षं झाली. पहिली पाच पुस्तकं, बोन्साय, रांगोळ्या आणि एकदा तर मांजरं यांचे स्टॉल उभे करण्यात गेली. मग एका अभ्यासक मंडळींच्या गटामुळे विधिमंडळाच्या इमारतीत प्रदर्शन मांडायचं काम हाती आलं. तोवर परवानगी म्हणजे हॉलचं भाडं भरून मिळते ती पावती, एवढीच माझी समज होती. हल्ली इतिहास किंवा राज्यशास्त्र शिकलेली, नाहीतर अभिनव कला महाविद्यालयातून बाहेर पडलेली मुलं या कामाबद्दल विचारायला येतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘अर्ज कुणाच्या नावे करायचा?’ त्यांच्यासाठी हे लिहितोय. ती इमारत कुठली ते सांगत नाही. बहुतेक फजिती आमचीच होती आणि त्यात इमारतीचा काही दोष नव्हता.

विषय मात्र अस्सल पुण्याचा होता. कॅम्पातल्या कौन्सिल हॉलमध्ये आज आपण जातो ते विभागीय आयुक्तांच्या कार्यालयातलं काम काढायला. तिथे मुंबई इलाख्याचं विधिमंडळ भरायचं, हे रांगेत उभ्या असलेल्या दहांपैकी नऊ जणांना ठाऊक नसतं. १९३५ च्या कायद्यानंतर निवडून आलेली मुंबई प्रांताची पहिली विधानसभा जुलै १९३७ मध्ये भरली ती याच इमारतीत. बाळासाहेब खेर पंतप्रधान होते, तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तसंच म्हणत. अध्यक्ष झाले गणेश वासुदेव मावळंकर, पुढे १९५२ मध्ये लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले तेच. त्याआधीच्या कौन्सिलात टिळक बसले, गोखले बसले. १९०१ मध्ये जमीन महसुलाच्या विधेयकावर फिरोजशहा मेहतांच्या मागोमाग गोखलेही उठून बाहेर पडले. म्हणजे आज रोज बातम्यांत असतो तो सभात्याग काही नवा नाही. हे सगळं बत्तीस फलकांवर मांडायचं होतं.

आता अर्ज कुणाच्या नावे, ते सांगतो. विधान भवन काय किंवा संसद भवन काय, तो परिसर पीठासीन अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत असतो. तिथे कोण येईल, काय मांडेल, कुठे उभं राहील, हा शेवटचा शब्द त्यांचा. आपल्याकडे महाराष्ट्रात सभागृहं दोन, त्यामुळे विधानसभेचे अध्यक्ष आणि विधान परिषदेचे सभापती असे घरात दोन कर्ते. तुमचा कागद जातो सचिवालयात, पण मंत्रालयातल्या नव्हे, विधिमंडळाच्या सचिवालयात. हा फरक न कळल्यामुळे आमचे पहिले तीन आठवडे एका विभागाच्या आवक टेबलावर गेले. त्यांनी तो कागद पुढे का पाठवावा? तो त्यांचा नव्हताच.

आणि खाजगी माणसाने मंगल कार्यालय मागावं तशी ही जागा मागता येत नाही. कुणीतरी आतलं लागतं. आतलं म्हणजे वशिला नव्हे. आपल्या नावावर ते प्रदर्शन घेणारा सदस्य, समिती किंवा शासनाचा विभाग. ही रीत सगळीकडची आहे. ब्रिटिश संसदेत कॉमन्सच्या अप्पर वेटिंग हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचं तर एखाद्या खासदाराने ते पुरस्कृत करावं लागतं. युरोपीय संसदेतही सदस्याने पुढाकार घ्यायचा आणि क्वेस्टर म्हणून निवडलेल्या सदस्यांच्या मंडळाकडून मान्यता मिळवायची. पुरस्कर्ता सदस्य शोधताना नवखी मुलं सर्वांत बडं नाव धरतात. मी म्हणेन, विषयात खरंच रस असलेला आणि फोन उचलणारा धरा. शक्य असेल तर दोन्ही बाजूंच्या बाकांवरचा एकेक. आमच्या अर्जावर सत्ताधारी आणि विरोधी, दोन्हीकडच्या सह्या होत्या. त्या एका गोष्टीने निम्मे प्रश्न उद्भवलेच नाहीत.

नस्ती, म्हणजे सरकारी फाइल, फिरायला लागली की तिची भाषा शिका. ‘अभिप्रायार्थ’ म्हणजे अजून कुणी काही ठरवलेलं नाही. ‘आदेशार्थ सादर’ म्हणजे वर गेली. आणि ‘तत्त्वतः मान्यता’ हा या धंद्यातला सर्वांत फसवा शब्द. तो ऐकून आम्ही पेढे वाटले आणि भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून प्लाय उचलला. तत्त्वतः मान्यता याचा अर्थ इतकाच की विषयाला हरकत नाही. जागा, तारखा, मजकूर, वीज, माणसं, गाड्या या प्रत्येकाची मान्यता वेगळी. इमारतीची देखभाल सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असते आणि त्यांच्यातही स्थापत्यवाले वेगळे, विद्युतवाले वेगळे. एकाने हो म्हटलं म्हणून दुसऱ्याने म्हटलं असं धरू नका.

आमचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांनी जागा पाहायच्या दिवशी मिस्त्रींना बरोबर घेतलं होतं. मिस्त्रींनी सवयीने भिंतीवर बोटाने टकटक करून पाहिलं. बरोबरच्या शाखा अभियंत्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, ‘मिस्त्री, इथे खिळा नाही. स्क्रूही नाही. दोन्हीकडून चिकटणारी टेपसुद्धा नाही.’ सगळं स्वतःच्या पायावर उभं राहणारं हवं, खाली रबर हवं, वायर वाटेत आली तर तिच्यावर पट्टी हवी. कापड आग न धरणारं, आणि त्याचं प्रमाणपत्र जोडलेलं. चाकाची खुर्ची सहज जाईल एवढी वाट सोडा आणि फलकाचा मध्य जमिनीपासून दीडेक मीटरच्या आत ठेवा. माणूस मान वर करून वाचत नाही, पुढे निघून जातो. लिफ्टचं दार मात्र कुणीही मोजलं नव्हतं. आमचे फलक आठ फुटी. त्याबद्दल इतकंच सांगतो की जिन्याला तीन वळणं होती.

पण खरं काम मजकुराचं. त्या भिंतींच्या आत टांगलेलं वाक्य तुमचं राहत नाही. वाचणारा ते सभागृहाचं समजतो. म्हणून मजकूर आधी मान्य करून घ्या, सुतारकाम नंतर. आम्ही उलट केलं.

पहिला घोटाळा नकाशाचा. १९३० च्या आसपासचा मुंबई प्रांत दाखवायचा होता. तपासणाऱ्या कक्ष अधिकारी मॅडमनी चष्म्यातून वर पाहत विचारलं, ‘यात कराची कशी?’ उत्तर सोपं होतं. सिंध १ एप्रिल १९३६ ला वेगळा होईपर्यंत मुंबई प्रांतातच होता. मॅडमना ते माहीत होतं. ‘मला कळलं हो,’ त्या म्हणाल्या, ‘पण येणाऱ्याला कळायला हवं ना? साल मोठ्या अक्षरात टाका.’ पुढचं मात्र आम्हाला माहीत नव्हतं. त्या प्रांताच्या मागे फिकट रंगात भारताची बाह्यरेषा होती आणि आमच्या डिझायनरने ती एका परदेशी चित्रसंग्रहातून उचललेली, काश्मीरच्या टोकाला कापलेली. सर्व्हे ऑफ इंडियाशी न जुळणारा भारताचा नकाशा छापणं हा १९६१ च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमाखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदेचा. तो फलक तिथेच, मॅडमच्या टेबलावर, आडवा झाला. तेव्हापासून कुठलाही नकाशा मी स्वतः ताडून पाहतो. मुलांवर विश्वास आहे, इंटरनेटवर नाही.

दुसरा घोटाळा त्याहून शिकवणारा होता. एका जुन्या वर्तमानपत्राच्या कात्रणात एका सदस्याचा झणझणीत टोला सापडला होता. आम्ही तो फलकाच्या मथळ्यात घेतला. मॅडमनी एकच विचारलं, ‘हे कार्यवृत्तात आहे?’ आम्ही ग्रंथालयात बसून छापील कार्यवृत्त, म्हणजे सभागृहातल्या भाषणांची शब्दशः नोंद, काढलं. भाषण होतं, ते वाक्य नव्हतं. मग मॅडमनी समजावलं. पीठासीन अधिकारी जे शब्द कामकाजातून काढून टाकतात, ते सभागृहाच्या लेखी बोललेच गेलेले नसतात. ते छापणं हा हक्कभंग होऊ शकतो. पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ या दैनिकाने बिहार विधानसभेत काढून टाकलेलं भाषण छापलं होतं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९५८ मध्ये न्यायालयाने सभागृहाच्या विशेषाधिकाराच्या बाजूने निकाल दिला. आमचं वाक्य काढून टाकलेलं होतं की वार्ताहराने रंगवलेलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मथळा गेला. सभागृहातलं कुणाचंही उद्धृत घ्यायचं तर छापील कार्यवृत्तातूनच घ्या, खंड आणि पान क्रमांकासकट. वर्तमानपत्र, आत्मचरित्र, नातवाने सांगितलेली आठवण यातलं काही चालत नाही, कितीही गोड असलं तरी.

बाकी पथ्यं पटकन सांगतो. पक्षाचं चिन्ह किंवा झेंडा नको. हयात नेत्यांची छायाचित्रं टाळता आली तर टाळा. नाहीतर कुणाचं किती इंचाचं यावर एक बैठक जाते. राजमुद्रा शोभेसाठी वापरायची नाही, तिच्यासाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. खर्च कुणी उचलला त्या कंपनीचं बोधचिन्ह फलकावर येत नाही, हे कंपनीला पैसे घेण्याआधी सांगा, घेतल्यावर नाही. आणि अक्षरं. जुने डीटीपीवाले अजून जुन्या फॉन्टात मजकूर देतात, तो युनिकोडमध्ये आणताना ‘ऱ्या’ची माती होते. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का ते पाहा. फालतू वाटेल, पण आमच्या उद्घाटनाला आलेल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी अख्ख्या प्रदर्शनात फक्त तेवढंच पाहिलं आणि ‘बरं आहे’ म्हणाले.

हे सगळं नेण्याआधी पुण्यातच एकदा पूर्ण मांडून पाहा. आम्ही एका कलादालनात दोन दिवस मांडलं. तिथे एका आजोबांनी तीन चुका काढल्या, दोन तारखांच्या आणि एक त्यांच्या मते तारखेची. पुण्यात ही तपासणी फुकट होते, तिचा फायदा घ्या.

तारखा ठरवताना अधिवेशनाचं भान ठेवा. अधिवेशनात मांडलंत तर सदस्य पाहतात, पण सामान्य माणसाला प्रवेशपत्राशिवाय येता येत नाही. अधिवेशन नसताना मांडलंत तर उलट. ‘सार्वजनिक प्रदर्शन’ म्हणताना कोणती जनता हवी ते ठरवा. शिवाय कामकाजाचे दिवस कामकाज सल्लागार समिती ठरवते आणि ते बदलतात. म्हणून निमंत्रणपत्रिका सर्वांत शेवटी छापा. पत्रिकेवरच्या नावांचा क्रम राजशिष्टाचाराने ठरतो, तुमच्या आदराने नाही. स्थानिक लोकप्रतिनिधीचं नाव राहिलं तर त्यावरून सभागृहात विशेषाधिकारभंगाची सूचना येऊ शकते, अशी उदाहरणं आहेत. मसुदा लेखी मान्य करून घ्या, आणि त्यातलं एक अक्षरही ‘सुधारू’ नका. निवडणुकीची आचारसंहिता लागली तर काय काय झाकायचं, हेही आधीच विचारून ठेवा.

सुरक्षेची यादी ही स्वतंत्र विद्या आहे. माणसांची नावं, ओळखपत्रं, छायाचित्रं, गाडीचा क्रमांक, आणि हत्यारांची यादी: ड्रिल मशीन किती, कटर किती, हातोडे किती. बदली चालकाचं नाव आधीच टाकून ठेवा. आमच्या टेंपोवाल्याला आदल्या रात्री ताप आला आणि त्याचा मेव्हणा गाडी घेऊन आला. मेव्हणा गोड माणूस, पण यादीत नव्हता. तो सकाळी सहापासून फाटकाबाहेर, गाडी फाटकाबाहेर, आणि आम्ही आत रिकाम्या दालनात बत्तीस फलकांची वाट पाहत. दुपारी दोनला नवं पत्र निघालं. पोलिसांवर चिडण्यात अर्थ नव्हता. डिसेंबर २००१ मधल्या संसदेवरच्या हल्ल्यानंतर अशा इमारतींच्या फाटकावर कुणीही ‘जाऊ द्या हो’ म्हणत नाही, आणि म्हणू नये. श्वानपथक फिरून गेल्यावर कुठलाही खोका उघडू नका. काही विसरलं असेल तर सांगा, तपासणी पुन्हा होऊ द्या.

शिकायचं कुठे, हेही मुलं विचारतात. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा हिवाळी अधिवेशनाच्या वेळी नागपूरला अभ्यासवर्ग घेते. तुमच्या विभागाकडून नाव जात असेल तर जाच. सभागृह चालतं कसं हे एकदा गॅलरीत बसून पाहिलेल्या माणसाला फलक कसा लिहायचा हे वेगळं सांगावं लागत नाही. पैशाचं विचाराल तर देयक निघायला वेळ लागतो. सुताराचे आणि छपाईचे पैसे खिशातून द्यायची ताकद नसेल तर हे काम एकट्याने अंगावर घेऊ नका, आधी एखाद्या जुन्या मांडणीवाल्याच्या हाताखाली करा.

शेवटची गोष्ट कुणी सांगत नाही ती म्हणजे बाहेर पडण्याचा पास. आत नेलेली प्रत्येक वस्तू बाहेर काढताना त्याच यादीशी जुळवली जाते. आमचे बत्तीस फलक जुळले, दिवे जुळले, हातोडे जुळले. ड्रिलची पातं आत गेली होती चार, बाहेर निघाली तीन. रात्री साडेनऊ ते सव्वाअकरा आम्ही टॉर्च लावून ते दालन झाडलं. बरोबर ड्यूटीवरचे हवालदारही वाकून शोधत होते. शेवटी काकांनी ‘एक पातं गहाळ’ असं पत्र हाताने लिहून दिलं आणि टेंपो सुटला. वाटेत चहाला थांबलो तेव्हा मिस्त्रींनी तंबाखूची पुडी काढायला खिशात हात घातला, आणि पुडीबरोबर चौथं पातं बाहेर आलं. काकांनी चहा खाली ठेवला आणि तसल्याच पाठकोऱ्या कागदावर दुसरं पत्र लिहायला घेतलं, ‘विषय: गहाळ पाते सापडल्याबाबत.’