रायफल घेताना या चुका टाळा: रूप, किंमत आणि ओला दस्ता

मागच्या श्रावणात कोलोराडोहून भाच्याचे दोन फोटो आले. पहिल्यात अक्रोडाच्या दस्त्याची (दस्ता म्हणजे नळीखालचा, मागे खांद्याला टेकणारा भाग), निळसर काळ्या चकचकीत नळीची रायफल. दुसऱ्यात करड्या प्लास्टिकच्या दस्त्याची, किमतीला पहिलीच्या निम्म्याहून कमी. खाली लिहिलं होतं, "मामा, पहिलीवर जीव बसलाय. दुसरी पाण्याच्या पाइपासारखी दिसते. काय करू?"

मला विचारायचं कारण एवढंच, की नागपूरजवळ आमच्या उमरेडकडच्या शेतावर आजोबांची ३१५ बोर रायफल आहे आणि तिचं तेलपाणी गेली वीस वर्षं माझ्याकडे आहे. मी दुसरी घे म्हटलं, ते त्याने ऐकलं नाही, पहिलीच घेतली. ऑक्टोबरात पुन्हा फोन आला, "मामा, गोळी वीतभर डावीकडे जाते."

त्याच्या आणि आमच्या परिस्थितीत फरक आहे, तो आधी सांगतो. तो एल्क हरणाचा परवाना काढून, नारिंगी जाकीट घालून रीतसर शिकारीला जातो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार बंद झाली. रानडुकराने हरभरा उकरला किंवा रोह्यांनी तूर खाल्ली, तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळी झाडता येत नाही. शस्त्राचा परवाना नागपूर शहरात पोलीस आयुक्तांकडून आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, क्रीडा नेमबाज सोडले तर, एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. तिकडे घेतलेली रायफल पसंत पडली नाही तर पुढच्या वर्षी बदलता येते. आपल्याकडे चुकीची निवड वीस वर्षं सांभाळावी लागते.

रायफल आधी आणि काडतूस नंतर

ही चूक सर्रास होते. आधी रायफल आवडते आणि मग तिचं काडतूस कुठे मिळतं याची शोधाशोध सुरू होते. खरं तर दुकानदाराला पहिला प्रश्न काडतुसाचा विचारावा: कोणतं, किती आणि वर्षभर मिळतं का? ३१५ बोर जन्मालाच आली ती काडतुसाच्या राजकारणातून. इंग्रजांना फौजेचं ३०३ काडतूस लोकांच्या हाती जायला नको होतं, म्हणून ली-एनफील्ड या त्यांच्या फौजी रायफलीच्या धाटणीच्याच रायफलीला वेगळं, ८ मिलिमीटरचं काडतूस दिलं गेलं. बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याने पुढे तीच परंपरा चालवली. दिसायला साधी आहे, पण आपल्याकडे तिचं काडतूस विचारलं तर दुकानदार निदान डोकं तरी खाजवत नाही.

या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. मॅगझिन, म्हणजे काडतुसांचा डबा, भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे यायला हवी. उलटी बसली की बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा दांडा) पुढे सरकवताना दोन्ही काडतुसं एकमेकांत अडकतात, आणि माणूस रायफलीला शिव्या घालतो. आमच्याकडे चुलत्यांनी "बिघडली जी ही" म्हणत ती दोनदा कारागिराकडे नेली. दोन्ही वेळा दोष भरणाऱ्याच्या बोटांचा निघाला.

लाकडाच्या प्रेमात पडणं

आता भाच्याची डावीकडे जाणारी गोळी. अक्रोड सुंदर दिसतो, थंडीत हाताला उबदार लागतो, हे मान्य. पण लाकूड पाणी पितं. कंपनी दस्त्याला बाहेरून छान पॉलिश करते, मात्र आत नळीच्या खाचेत आणि मागच्या रबरी पट्टीखाली ते बऱ्याचदा कोरडंच राहतं. ओलावा तिथून शिरतो. पुढचा भाग फुगतो किंवा पिळतो, नळीला एका बाजूने टेकतो, आणि झाडताना नळी दर वेळी वेगळी थरथरते.

त्याला म्हटलं, बोल्ट काढ, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामं असल्याचं डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपून घे. मग वर्तमानपत्राची पट्टी नळी आणि लाकडाच्या मधून पुढून मागे ओढ. व्हिडिओ कॉलवर मी बघत होतो. पट्टी सहा-सात इंच सरळ आली आणि उजव्या कडेला अडून फाटली. दस्ता नळीला उजवीकडून दाबत होता आणि गोळी डावीकडे जात होती. बर्फात दोन दिवस भिजलेली रायफल त्याने रात्री हीटरच्या खोलीत ठेवली होती. कारागिराने खाच थोडी घासून आतून वार्निशचा हात दिल्यावर तक्रार मिटली.

ही पट्टीची परीक्षा नळी मोकळी ठेवलेल्या आधुनिक रायफलींसाठीच. जुन्या ली-एनफील्डमध्ये दस्त्याचं टोक नळीला मुद्दाम दाब देतं. तिथे पट्टी अडली म्हणून कानस घेऊन बसाल तर चांगली रायफल घालवून बसाल.

नागपूरच्या हवेत हा घोळ आणखी मोठा. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर लाकूड चिरेल की काय असं वाटतं, आणि जुलैत घरातली मिठाची बरणीसुद्धा ओली होते. लाकूडच हवं असेल तर पातळ थर चिकटवून केलेला लॅमिनेट दस्ता घ्यावा. जड असतो, पण फारसा हलत नाही. प्लास्टिकचा दस्ता पावसाला भीत नाही. स्वस्तातला मात्र पुढून इतका लवचिक असतो, की वाळूच्या पिशवीवर जोराने टेकवला तर तोच जाऊन नळीला भिडतो. दुकानात पुढचा भाग आणि नळी एका मुठीत धरून दाबून बघा. दोघांमधली फट मिटली तर ती रायफल परत ठेवा.

सगळे पैसे नळीत घालणं

स्वस्त रायफल नेमाला वाईट, हा समज आता जुना झाला. २०१२ च्या आसपास आलेल्या रुगर अमेरिकनसारख्या रायफली शंभर मीटरवर तीन-चार सेंटिमीटरमध्ये तीन गोळ्या बसवतात. यात कारखान्याची बचत कामी येते. नळी एका नटाने आवळून बसवली की प्रत्येक रायफल हाताने जुळवत बसावं लागत नाही. हरणाच्या छातीत गोळी लागायची जागाच वीतभर असते. त्यापुढच्या अचूकतेचे पैसे कागदावरच्या भोकांसाठी.

वाचलेले पैसे चांगल्या दुर्बिणीवर आणि तिच्या पकडींवर खर्च करा. गोळी भरकटते म्हणून माझ्याकडे आलेल्या तक्रारींत नळीचा दोष जवळजवळ कधीच निघाला नाही. तपासायचा क्रम असा ठेवा: आधी दस्त्याचे स्क्रू, मग रायफलीवरचा दुर्बिणीचा बेस, मग दुर्बीण धरणाऱ्या रिंगा, मग खात्रीची दुसरी दुर्बीण लावून पाहणं. त्यानंतर एकाच पेटीतली काडतुसं, आणि शेवटी नळीची सफाई. मी स्वतः एकदा मे महिन्यात रेंजवर पंधरा गोळ्या झाडून नळीला नावं ठेवली. गोळ्या एकेक करत वर चढत होत्या, आणि नळी इतकी तापली होती की हात लावता येईना. पातळ नळीला तीन गोळ्यांनंतर विसावा लागतो, हे तेव्हा कळलं.

जुन्या ३१५ वर दुर्बीण चढवायचा हट्ट करू नये. तिची बनावट त्यासाठी नाही. भोकं पाडायची वेळ आलीच तर परवानाधारक कारागिराशिवाय कुणाच्या हाती देऊ नका.

हलकी म्हणून आवडणं

दुकानात तीन किलोची रायफल उचलली की खांदा खूश होतो. पण चार किलोची तीनवर आणली की त्याच काडतुसाच्या धक्क्याची ऊर्जा साधारण एक तृतीयांशाने वाढते. दोन दिवसांत माणूस ट्रिगर दाबण्याआधीच डोळे मिटायला लागतो. डोंगर चढायचा असेल तर हलकी घ्या. आपल्याकडच्या सपाट धुऱ्यावर मचाणीत बसायचं असेल तर कशाला?

नावाचा हिशोब

विंचेस्टर मॉडेल ७० या १९३६ च्या रायफलीत १९६४ साली कंपनीने खर्च कमी करायला बदल केले. काडतूस धरून ठेवणारा मोठा पंजा गेला आणि दस्त्यावर हाताने कोरलेल्या नक्षीऐवजी दाबलेली नक्षी आली. गिऱ्हाइकं इतकी चिडली, की त्याआधीच्या रायफलींना आजही जास्त भाव मिळतो. नाव तेच होतं, आतला माल वेगळा होता. म्हणून दुकानात नावापेक्षा बोल्ट मागेपुढे करून बघा, आणि जास्तीचं मॅगझिन मिळतं का नि केवढ्याला तेही विचारा.

गंज

स्टेनलेसही गंजतं, फक्त उशिरा. सप्टेंबरात कापडी किंवा चामड्याच्या म्यानात रायफल ठेवू नका, ओल तिथेच मुरते. तेल अगदी बेताने लावा आणि झाडण्याआधी नळीतून कोरडी चिंधी फिरवा, नाहीतर पहिली गोळी इकडेतिकडे जाते. आजोबांनी आमच्या ३१५ ला वर्षानुवर्षं तेल पाजून, नळी वर करून कपाटात उभी ठेवली. ते तेल हळूहळू दस्त्यात उतरलं. बोल्टच्या मागचं लाकूड काळं, मऊ पडलंय, नखाने उकरलं तर निघतं. आता ती मी तोंड खाली करून, कापडाच्या घडीवर टेकवून ठेवतो.