पोरांना वादविवाद शिकवायला जाताय? मग हे वाचा

मनपाच्या शाळेत दर शनिवारी शिकवायचंय ना, मग आधी हेडसरांना भेटून लेखी परवानगी घ्या, आणि पीपीटी वगैरे घरीच ठेवा. पहिल्या दिवशी जड विषय नको. "गृहपाठ बंद करावा का" एवढं फळ्यावर लिहा, बघा कशी तुटून पडतात! प्रत्येकाला 2 मिनिटं, मोबाईलवर टायमर, आणि मधेच बाजू बदलायला लावायची, म्हणजे जी पोरगी 'हो' म्हणून भांडत होती तिनेच आता 'नाही' म्हणायचं. पोरं चिडतात आधी, मग समोरचा काय बोलला ते आठवायला लागतात, आणि ऐकणं हेच तर शिकवायचंय.

आमच्याकडे एकजण तीन शनिवार नुसता वहीचा कोपरा चुरगाळत बसला, चौथ्या वेळी उठून एकच वाक्य बोलला, "दादा, पण घरी लिहायला जागाच नाही." अख्खा वर्ग गप्प. अशांना जबरदस्ती नको, आधी टायमर सांभाळायला द्या.

जमलं की मग पुण्यातलाच जुना वाद काढा, 1880 च्या दशकातला टिळक-आगरकरांचा, आधी राजकीय सुधारणा की आधी सामाजिक सुधारणा. दोस्त असून भांडले हे पोरांना जाम आवडतं. आणि परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी द्या बाबा, नाहीतर पालक येतात, त्यांच्यासमोर आपला टिकाव लागत नाही.